वाढलेलं भाडं परत मिळालं: एफएसएसचा माझा पाच वर्षांचा अनुभव

हा रिव्ह्यू कोणासाठी आहे ते आधी सांगते. अमेरिकेत सेक्शन ८ च्या व्हाउचरवर (म्हणजे खासगी घराच्या भाड्याचा काही भाग सरकार भरतं) किंवा पब्लिक हाउसिंगमध्ये, म्हणजे सरकारी घरांत, राहणारी मराठी कुटुंबं थोडी आहेत, आणि जी आहेत ती त्याबद्दल बोलत नाहीत. मीही कित्येक वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. मंडळाच्या गणपतीला गेलं की कोणत्या गावात राहतो तेवढं सांगायचं आणि विषय बदलायचा. पण मार्च २०२४ मध्ये माझ्या हातात २४,७११ डॉलरचा चेक आला, आणि तो माझ्याच भाड्यातून साठला होता. हे कसं झालं ते कोणीतरी मराठीत लिहायला हवं म्हणून लिहिते आहे. मला हे मराठीत वाचायला मिळालं असतं तर मी दोन वर्षं आधी सही केली असती.

योजनेचं नाव फॅमिली सेल्फ सफिशियन्सी. सगळे एफएसएस म्हणतात. ती हड या केंद्राच्या गृहनिर्माण खात्याची आहे, पण चालवते तुमची गावातली किंवा काउंटीची हाउसिंग ऑथॉरिटी. १९९० च्या कायद्याने ती सुरू झाली, म्हणजे चांगली जुनी आहे. तरी आमच्या बिल्डिंगमध्ये दहा घरं विचारली तर दोघांना माहीत असेल.

माझी परिस्थिती थोडक्यात. मी न्यू जर्सीत राहते. नवरा २०१३ मध्ये गेला, तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता आणि मुलगी दोनची. व्हाउचरच्या यादीत नाव घातलं आणि साडेतीन वर्षं थांबले. २०१७ मध्ये व्हाउचर मिळालं. तेव्हा मी एका दुकानात कॅश काउंटरवर होते, आठवड्याला पंचवीस तास, महिन्याला साधारण ११०० डॉलरची कमाई.

व्हाउचरचं भाडं कसं ठरतं हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. तुमच्या कमाईतून ठरलेल्या वजावटी काढतात आणि उरलेल्या रकमेच्या ३० टक्के तुम्ही भाडं भरता. वरचं भाडं हाउसिंग ऑथॉरिटी घरमालकाला देते. माझं गणित असं होतं: ११०० मधून दोन मुलांचे ८० वजा, राहिले १०२०, त्याचे ३० टक्के ३०६ डॉलर. दोन खोल्यांच्या घराचं भाडं ३०६ डॉलर. ज्याने न्यू जर्सीत भाड्याने घर शोधलंय त्याला कळेल हे केवढं मोठं आहे. या घराने माझी मुलं एका शाळेत टिकली. त्याबद्दल माझी तक्रार नाही आणि कधी नव्हती.

अडचण वेगळीच. २०१८ च्या दिवाळीच्या सुमारास दुकानातल्या मॅनेजरने मला आठवड्याला पस्तीस तास देऊ केले. मी घरी येऊन वहीत हिशेब मांडला. वाढलेल्या प्रत्येक डॉलरमागे तीस सेंट भाड्यात जाणार. फूड स्टॅम्प, म्हणजे किराण्यासाठीची सरकारी मदत, कमी होणार. मुलीला शाळेनंतर सांभाळायला कोणी ठेवलं तर त्याचे पैसे. सोशल सिक्युरिटीचा आणि मेडिकेअरचा टॅक्स तर पहिल्या डॉलरपासूनच. दहा तास जास्त उभं राहून हातात उरत होतं ते बघून मी दुसऱ्या दिवशी नको म्हणून सांगितलं. मॅनेजरला वाटलं असेल, हिला कामाची आवड नाही. माझ्या आईने आयुष्यभर एका पैशाचं काम सोडलं नाही, आणि मी मिळणारं काम नाकारून आले. ती रात्र मला अजून आठवते.

जानेवारी २०१९ मध्ये वार्षिक रिसर्टिफिकेशनला, म्हणजे कमाईच्या फेरतपासणीला, गेले. पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचं स्टेटमेंट, मुलांच्या शाळेचं पत्र, सगळं घेऊन. बाहेर पडताना एका टेबलामागे बसलेल्या बाईंनी एक पत्रक पुढे केलं आणि म्हणाल्या, दहा मिनिटं देता का. त्या एफएसएसच्या कोऑर्डिनेटर होत्या. त्यांनी कोरा कागद घेतला, मध्ये उभी रेघ मारली. डावीकडे माझं आजचं भाडं लिहिलं, ३०६. उजवीकडे लिहिलं, समजा पूर्णवेळ नोकरी लागली आणि महिन्याला २५०० मिळाले, तर भाडं ७२६. मग दोन्हींतला फरक काढला, ४२०, आणि त्याच्याभोवती गोल केला. म्हणाल्या, हे ४२० दरमहा तुमच्या नावाने खात्यात जमा होतील.

मला आधी समजलंच नाही. मी तीनदा विचारलं. भाडं तर वाढणार ना? हो, वाढणार. मी भरायचं ना? हो, तुम्हीच भरायचं. मग जमा कोण करणार? हाउसिंग ऑथॉरिटी.

सगळी मेख इथेच आहे. भाडं नेहमीच्या नियमाने वाढतं आणि तुम्ही ते वाढीव भाडं भरता. पण कमाई वाढल्यामुळे जेवढं भाडं वाढलं, साधारण तेवढी रक्कम हाउसिंग ऑथॉरिटी दरमहा एका व्याजाच्या खात्यात तुमच्यासाठी बाजूला ठेवते. त्याला एस्क्रो म्हणतात. करार पाच वर्षांचा. ठरवलेली उद्दिष्टं पूर्ण केली, कुटुंबप्रमुख म्हणून सही करणारी व्यक्ती नोकरीत असली आणि घरातलं कोणी सरकारची रोख मदत घेत नसलं, की सगळी रक्कम तुमची. त्यावर इन्कम टॅक्स नाही. आणि ती कशावर खर्च करायची याला बंधन नाही. फूड स्टॅम्प आणि मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) रोख मदतीत धरत नाहीत, त्यामुळे ते चालू असले तरी अडत नाही. शिवाय व्हाउचर सोडावं लागत नाही. ही भीती आमच्याकडे सगळ्यांना असते, की सही केली तर पाच वर्षांनी घरातून काढतील. कोणी काढत नाही.

मी पत्रक घरी नेलं, दोन आठवडे फ्रिजवर लावून ठेवलं. खरं सांगायचं तर विश्वास बसत नव्हता. सरकारी ऑफिस आपल्यासाठी पैसे साठवणार, हे ऐकायला बरं वाटतं, पण फसवणुकीच्या गोष्टीही अशाच सुरू होतात. शेवटी कोऑर्डिनेटरबाईंना फोन केला आणि विचारलं, मला जमलं नाही तर माझं काय जाणार? त्या म्हणाल्या, साठलेले एस्क्रोचे पैसे जातील, बाकी तुमचं आत्ता आहे ते तसंच राहील. म्हणजे आज जवळ नाही तेच जाणार होतं. मार्च २०१९ मध्ये सही केली.

आता या रिव्ह्यूतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती पत्रकात ठळक छापलेली नव्हती. सही करताना तुमची जी कमाई असते ती पायरी म्हणून धरतात. पुढे जे काही जमा होतं ते त्या पायरीच्या वर गेलेल्या कमाईतून. म्हणून पगार वाढायच्या आधी सही करा. माझी पायरी ११०० ची होती, तीही योगायोगाने. मी ते तास नाकारले नसते तर पायरी पंधराशेच्या आसपास गेली असती.

आमच्या मजल्यावर एक गुजराती कुटुंब आहे. त्या बाईंना मी बेन म्हणते, त्या मला ताई म्हणतात. बेनना २०२१ च्या सुरुवातीला एका गोदामात पॅकिंगची पूर्णवेळ नोकरी लागली. त्यांनी नियमाप्रमाणे लगेच कळवलं, भाडं वाढलं, आणि मग महिन्याभराने माझ्याकडून एफएसएसबद्दल ऐकून सही केली. त्यांची पायरी २७०० वर बसली. पुढे पगार महिन्याला दोनशेने वाढला, त्याचे तीस टक्के म्हणजे साठ डॉलर. मी आणि बेन एकाच लिफ्टने कामाला जायचो, दोघींची कमाई जवळपास सारखी, भाडं जवळपास सारखं. माझ्या खात्यात महिन्याला ५४० पडायचे आणि त्यांच्या ६०. फरक काय, तर सहीची तारीख. एक दिवस त्या म्हणाल्या, “ताई, मी महिनाभर आधी तुमच्याकडे चहाला आले असते तर?” मी काय उत्तर देणार होते? मीच तोपर्यंत लाजेने कोणाला सांगत नव्हते. ही गोष्ट मला अजून लागते, आणि हे सगळं इतक्या सविस्तर लिहिण्याचं तेही एक कारण आहे.

करारासोबत उद्दिष्टांचा एक कागद असतो. माझ्या कागदावर तीन गोष्टी होत्या: सीएनएचं, म्हणजे नर्सिंग असिस्टंटचं सर्टिफिकेट, पूर्णवेळ नोकरी, आणि क्रेडिट कार्डाचं देणं निम्म्यावर आणणं. तिसरी माझ्याच तोंडून आली. कोऑर्डिनेटरबाई म्हणाल्या, तुम्हाला जमेल तेच लिहा, शोभेचं काही लिहू नका, कारण शेवटी मला प्रत्येक ओळीपुढे टिक करायची आहे. हा सल्ला सोन्यासारखा निघाला. कागदावर ‘स्वतःचं घर घेणे’ लिहून बसलेल्या एक ओळखीच्या बाई चौथ्या वर्षी हवालदिल झाल्या होत्या. शेवटी त्यांनी ऑफिसला विनंती करून उद्दिष्ट बदलून घेतलं. बदलता येतं, पण मुदत संपत आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच करावं.

एफएसएस तुम्हाला नोकरी देत नाही आणि कोर्सची फीही देत नाही. कोऑर्डिनेटर फक्त वाट दाखवते: कुठे कोर्स स्वस्त आहे, कुठे ग्रँट मिळते, मुलांना सांभाळण्यासाठी कोणती मदत लागू होते. माझा कोर्स काउंटीच्या रोजगार केंद्राच्या पैशातून झाला, आणि त्या केंद्राचा पत्ता मला याच टेबलावर मिळाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये परीक्षा पास होऊन एका नर्सिंग होममध्ये लागले. जानेवारी २०२० पासून भाडं ७२६.

त्यानंतर दोन महिन्यांत कोविड आला. नर्सिंग होममध्ये काय होतं ते इथे लिहीत नाही, तो या लेखाचा विषय नाही. एवढंच सांगते की त्या वर्षी मी बऱ्याचदा नोकरी सोडायच्या विचारात होते आणि दर वेळी हिशेबाच्या वहीतलं एस्क्रोचं पान उघडून बघितलं. हे बरोबर की चूक मला सांगता येणार नाही.

वहीबद्दल सांगायलाच हवं. माझ्या वडिलांची पोस्टात आरडी होती, आणि दर महिन्याला पासबुकात शिक्का पडला की ते तो बोटाने चाचपून बघत. एस्क्रोला पासबुक नाही. ऑनलाइन काही दिसत नाही, निदान आमच्याकडे दिसत नव्हतं. नियमाप्रमाणे वर्षातून किमान एकदा शिल्लक कळवायची असते, बस. म्हणून मी दोनशे पानी वहीत तीन रकाने आखले: महिना, भरलेलं भाडं, जमा व्हायला हवी ती रक्कम. दर एक तारखेला भाडं भरलं की त्याच रात्री एक ओळ. मुलगा म्हणायचा, “आई, फोनमध्ये कर ना.” पण मला हाताने लिहायचं होतं.

जानेवारी २०२१ मध्ये पहिलं मोठं स्टेटमेंट आलं. माझ्या वहीत बारा महिन्यांचे ५०४० होते, कागदावर ३३६०. म्हणजे १६८० कमी, बरोबर चार महिन्यांचे. मी वही, भाड्याच्या पावत्या आणि भाडं वाढल्याचं पत्र घेऊन फोन केला. त्या वेळी ऑफिस बंद, सगळे घरून काम करणारे. तीन आठवडे कोणी परत फोन केला नाही. मग मी सगळ्याचे फोटो काढून ईमेल केला आणि तारीखवार तक्ता लिहून दिला. एका नव्या कोऑर्डिनेटरने शोधून काढलं की माझी वाढलेली कमाई भाड्याच्या नोंदीत वेळेवर गेली होती, पण एस्क्रोच्या नोंदीत चार महिन्यांनी. भाडं माझ्याकडून पूर्ण घेतलं जात होतं, जमा मात्र होत नव्हतं. मार्चमध्ये सुधारून दिलं आणि तिने मनापासून माफी मागितली. ऑफिसचं नाव लिहीत नाही, कारण माणसं वाईट नव्हती. पण वही नसती तर? माझ्यासारख्या किती जणींनी कागद बघून, ‘ऑफिसचं बरोबरच असेल’ म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवला असेल? तुम्ही या योजनेत असाल तर आज रात्री वही आखा.

त्याच वर्षी पगार वाढून महिन्याला २९०० झाला. भाडं ८४६, जमा ५४०. २०२३ मध्ये ३३००, भाडं ९६६, जमा ६६०. हे आकडे वाचायला सोपे वाटतात, भरायला नाहीत. ८४६ डॉलर भाडं खिशातून जातंच. जे जमा होतंय ते दिसत नाही, हाताला लागत नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात डाळ-तांदळावर भागवताना पाचशे चाळीस डॉलर कुठेतरी आपल्या नावाने आहेत हे मनाला सांगावं लागतं. पण माझं प्रामाणिक मत असं की ते हाताला लागत नव्हते म्हणूनच टिकले. मी आधी बिल्डिंगमधल्या बायकांबरोबर भिशी लावून बघितली होती. माझा नंबर लागला त्याच महिन्यात मुलीच्या दातांचं निघालं, आणि पैसे गेले.

मधेच पैसे काढता येतात हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. अट अशी की ठरलेले काही टप्पे पूर्ण झालेले हवेत आणि खर्च करारातल्या उद्दिष्टाशी जोडलेला हवा: शिक्षण, कामासाठी लागणारी गाडी, छोटा धंदा. माझ्या गाडीचं ट्रान्समिशन गेलं. रात्रपाळीला बस नाही. मेकॅनिकचं कोटेशन, नोकरीचं पत्र आणि अर्ज दिला, आणि अकरा दिवसांत २६०० डॉलर मंजूर झाले. ते परत फेडायचे नव्हते, माझेच होते. एरवी मी ते कार्डावर टाकले असते आणि दोन वर्षं व्याज भरलं असतं. या एका प्रसंगासाठी मी योजनेला वेगळा एक तारा द्यायला तयार आहे.

आता जे खटकलं ते.

पाच वर्षांत तीन कोऑर्डिनेटर झाल्या. या पदांसाठी हडकडून ग्रँट येते, कामाचा बोजा मोठा, माणसं टिकत नाहीत. दर वेळी नव्या बाईला नवऱ्याच्या मृत्यूपासून सगळं परत सांगायचं. पहिल्या बाईंनी कागदावर ते दोन रकाने काढले नसते तर मी कधीच सही केली नसती. दुसरीला तेवढा वेळच नव्हता. एकाच बिल्डिंगमध्ये कोणाला योजना समजते आणि कोणाला नाही हे त्या महिन्यात टेबलामागे कोण बसलंय यावर अवलंबून राहतं, आणि ते बरोबर नाही.

दुसरं, हे सगळं फक्त नोकरी-धंद्याच्या कमाईवर उभं आहे. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी आहेत, एसएसआयवर, म्हणजे गरीब वृद्धांना आणि अपंगांना मिळणाऱ्या सरकारी मासिक मदतीवर. त्या कमावू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या एस्क्रोत काही पडणार नाही. आणि स्वतःहून साठवायचं म्हटलं तर एसएसआयमध्ये एकट्या माणसाजवळ २००० डॉलरच्या वर मालमत्ता चालत नाही, जोडप्याजवळ ३०००. ही मर्यादा १९८९ पासून हललेली नाही. त्या आजी मला एकदा म्हणाल्या, मला बचत करायला मनाई आहे. ज्यांना अडीअडचणीला पैसा सगळ्यात जास्त लागतो त्यांनाच साठवू द्यायचं नाही, याला मी काय म्हणू? एफएसएस कितीही चांगलं असलं तरी ते या बाईंच्या दारापर्यंत पोचत नाही.

तिसरं, पाच वर्षांत उद्दिष्टं पूर्ण झाली नाहीत तर सगळं जातं. योग्य कारण असेल तर दोन वर्षांपर्यंत मुदत वाढते. पण मधेच घर सोडून व्हाउचरच्या बाहेर जावं लागलं, नोकरी गेली आणि परत लागली नाही, तर वर्षानुवर्षं साठलेलं हातातून निसटू शकतं. पूर्वी असे बुडालेले पैसे हाउसिंग ऑथॉरिटीकडे परत जायचे. २०२२ च्या नव्या नियमांनंतर ते एफएसएसमधल्याच इतर कुटुंबांच्या उपयोगासाठी ठेवावे लागतात. त्याच नियमांनी घरातल्या कोणत्याही प्रौढ व्यक्तीला करारावर सही करता येते, पूर्वी घरप्रमुखालाच करावी लागायची. सासू-सासऱ्यांच्या नावावर व्हाउचर असलेल्या घरांतल्या सुनांसाठी हा फार मोठा बदल आहे, नीट वाचा.

चौथं, ही योजना सगळीकडे नाही. काही हाउसिंग ऑथॉरिटींवर ती चालवणं बंधनकारक आहे, बाकीच्या स्वखुशीने चालवतात किंवा नाही चालवत. जिथे आहे तिथेही जागा मर्यादित असतात. २०१८ च्या कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या खासगी मालकांच्या बिल्डिंगनाही दार उघडलं, म्हणजे तुम्ही व्हाउचरवर नसून अशा बिल्डिंगमध्ये राहत असाल तरी मॅनेजमेंटला विचारा. दोनदा विचारा. पहिल्यांदा विचारल्यावर माझ्या मैत्रिणीला ‘असं काही नसतं’ म्हणाले होते.

मुलाने मला या योजनेवरचे अभ्यासही वाचून दाखवले, कारण मी सगळ्यांना सांगत सुटले होते आणि त्याला वाटलं आईने आधी पूर्ण माहिती घ्यावी. एक मोठा अभ्यास एमडीआरसी संस्थेने हडसाठी केला, अठरा हाउसिंग ऑथॉरिटी, अडीच हजारांहून जास्त कुटुंबं. त्यात सरासरी कमाईत फारसा फरक आढळला नाही. आणि बोस्टनच्या कम्पास वर्किंग कॅपिटल या संस्थेने लिन आणि केंब्रिजमध्ये चालवलेल्या एफएसएसच्या अभ्यासात सहभागी कुटुंबांची वार्षिक कमाई तुलनेतल्या कुटुंबांपेक्षा सरासरी ६३०५ डॉलरने जास्त निघाली. कम्पासकडे प्रत्येक कुटुंबासोबत बसून पैशाचा हिशेब शिकवणारी माणसं आहेत, कर्ज, क्रेडिट, बचत, सगळं. मला यात आश्चर्य वाटलं नाही. माझ्याकडे कागदावर रेघ मारणारी बाई होती म्हणून झालं. नुसता नियम असून भागत नाही, तो समजावून सांगायला समोर बसणारं कोणीतरी लागतं.

शेवटच्या सहा महिन्यांत कागदपत्रं गोळा करायला लागा. मला नोकरीचं पत्र, रोख मदत घेत नसल्याचं लेखी, सर्टिफिकेट आणि क्रेडिट रिपोर्ट द्यावा लागला. चेकच्या दिवशी ऑफिसात समारंभ वगैरे काही नव्हता. काचेमागच्या मुलीने पाकीट सरकवलं, सही घेतली. मी गाडीत बसून उघडलं. २७,२४० जमा झाले होते, २६०० मी काढले होते, वर ७१ डॉलर व्याज. वहीशी ताडून बघितलं, जमेचा आकडा एका डॉलरनेही चुकला नव्हता. मग बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

त्यातले ४१०० कार्डाचं उरलेलं देणं फेडण्यात गेले. सहा हजार वेगळ्या बचत खात्यात आहेत, त्याला डेबिट कार्ड घेतलंच नाही. मुलगा काउंटी कॉलेजला जाणार आहे, त्याच्यासाठी पाच हजार. बाकीचे अजून तसेच ठेवलेत. सगळे विचारतात घर घेणार का. आत्ताच्या किमतींना नाही, आणि त्याची मला घाईही नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक तारा त्या चार महिन्यांचा आणि खालच्या आजींचा.

एक गोष्ट मात्र आधी कोणी सांगितली नव्हती. करार संपला की भाडं ९६६ च राहतं, पण त्यातलं काही जमा व्हायचं थांबतं. पहिल्या महिन्यात वहीत ओळ लिहायला बसले आणि तिसरा रकाना रिकामा राहिला. मग दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन एक तारखेची ऑटोमॅटिक ट्रान्सफर लावून आले. ६६० जमत नाहीत, दीडशे जमतात. त्या रात्री तिसऱ्या रकान्यात १५० लिहिलं, आणि बेनना फोन केला, कारण त्यांच्या मुलीला उन्हाळ्यात पहिली नोकरी लागणार आहे, ती अठरा पूर्ण झाली आहे, आणि बेनचं घर सोडून ती स्वतःच्या व्हाउचरसाठी यादीत वेगळं नाव घालायच्या विचारात आहे. मी त्यांना म्हटलं, तिचं व्हाउचर आलं की आधी एफएसएसचा कागद, मग पगारवाढ.